ब्रॉडवे टॉवर: कधी जायचं, कसं चढायचं, आणि वरून नेमकं काय ओळखायचं

इंग्लंडमध्ये कॉट्सवोल्ड्स टेकड्यांच्या पश्चिम कड्यावर, समुद्रसपाटीपासून ३१२ मीटरवर हा मनोरा उभा आहे. दिसायला थेट किल्ल्याचा बुरूज, पण त्यानं ना कधी लढाई पाहिली, ना त्यात कधी शिबंदी राहिली. असल्या बांधकामाला तिकडे 'फॉली' म्हणतात. हाताशी पैसा आणि समोर मोकळी टेकडी असली की अठराव्या शतकातले जमीनदार हौसेखातर काय उभारतील याचा नेम नसे. ब्रॉडवे टॉवरकडे कामं दोनच होती: दूरवरून दिसणं आणि दूरवरचं दाखवणं. त्यामुळे इथे येण्याचा दिवस चुकला की सगळंच चुकलं. धुरकट दिवशी तिकीट काढून वर गेलात, तर खालच्या कुरणातल्या मेंढ्या तेवढ्या दिसतील.

आधी हवा बघा, मग तारीख ठरवा

ब्रिटनचं हवामान खातं म्हणजे मेट ऑफिस. त्याच्या ठिकाणवार अंदाजात तापमान, पाऊस, वारा यांच्याखाली दृश्यमानतेचीही एक ओळ असते. बहुतेक लोक ती वाचतच नाहीत. आपल्याला मात्र तीच हवी. 'मॉडरेट' म्हणजे ४ ते १० किलोमीटर, 'गुड' म्हणजे १० ते २०, 'व्हेरी गुड' म्हणजे २० ते ४० आणि 'एक्सलंट' म्हणजे ४० च्या पुढे. मनोऱ्यावरून ब्रेडन हिल १६ किलोमीटरवर आहे, माल्व्हर्नची रांग साधारण ३६ वर आणि वेल्सच्या सीमेवरचे ब्लॅक माउंटन्स ८५ च्या पुढे. म्हणजे 'गुड'च्या दिवशी ब्रेडनपाशी नजर संपते, माल्व्हर्नसाठी 'व्हेरी गुड'चं वरचं टोक लागतं, आणि वेल्स पाहायचा तर 'एक्सलंट'शिवाय निघू नका.

इथे एक फसगत ठरलेली आहे. उन्हाळ्यात चार-पाच दिवस सलग ऊन पडलं, वारा पडला किंवा आग्नेयेकडून मंद यायला लागला, की लोक उत्साहानं निघतात. डोक्यावर निळं आभाळ असतं आणि क्षितिजावर दुधाळ पट्टा. स्थिरावलेल्या हवेत धूळ आणि धूर साचत जातो आणि युरोपकडून येणारा वारा त्यात भर घालतो. याउलट पावसाची सर येऊन गेली, वारा फिरून पश्चिमेचा किंवा वायव्येचा झाला आणि ढगांचे तुकडे पळू लागले, की अटलांटिकवरून आलेली धुतलेली हवा मिळते. अंगावर एखादी सर झेलायची तयारी ठेवून त्या दिवशी जा. चकचकीत उन्हाच्या दिवसापेक्षा तो दिवस चांगला.

हिवाळ्याच्या सकाळी आणखी एक संधी असते. खालच्या ईव्हशमच्या खोऱ्यात धुकं भरतं आणि टेकडी त्याच्या वर राहते. ब्रेडन आणि माल्व्हर्न मग पांढऱ्या समुद्रातली बेटं होतात. पण ढग ३०० मीटरच्या खाली उतरले असतील तर मनोराच ढगात असतो. यावर साधी परीक्षा अशी की पायथ्याच्या ब्रॉडवे गावात उभं राहून वर पाहायचं. खालून मनोरा दिसत नसेल, तर वरून गाव दिसणार नाही.

वेळेचंही गणित आहे. मुख्य दृश्य पश्चिम आणि वायव्येला पसरलंय. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि शेतं, गावं, झाडांच्या रांगा ठळक उठून दिसतात. संध्याकाळी तेच ऊन डोळ्यांवर येतं, मात्र डोंगरांच्या कडा काळ्याभोर रेषेसारख्या उमटतात. तपशील ओळखायचा तर सकाळ, फोटोसाठी संध्याकाळ. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी तीनला चढायला लागणं म्हणजे काळोखात उतरणं.

पोचायचं कसं

रेल्वेच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. नकाशात ब्रॉडवे नावाचं स्टेशन दिसतं, पण ते वाफेच्या इंजिनांच्या जुन्या हौशी रेल्वेचं आहे. ती चेल्टनहॅमच्या रेसकोर्सपासून इथवर येते आणि ब्रॉडवेपर्यंत २०१८ पासून धावू लागली. ती रोज असतेच असं नाही आणि लंडनची गाडी तिथे येत नाही. लंडन पॅडिंग्टनहून वूस्टरकडे जाणाऱ्या मार्गावर मोरटन-इन-मार्श, हनीबर्न किंवा ईव्हशमला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी घ्यायची. बसचं वेळापत्रक परतीच्या गाडीसकट आधी पाहून ठेवा आणि रविवारी बस मिळेल असं गृहीत धरू नका. गाडीनं येत असाल तर ए-४४ रस्त्यावर फिश हिलचा घाट चढून माथ्यावर मनोऱ्याची पाटी लागते. गाडीतल्या नकाशात नुसतं 'ब्रॉडवे' टाकू नका. या नावाच्या जागा इंग्लंडभर आहेत, लंडनमध्ये तर कितीतरी.

गाडीनं थेट माथ्यावर जाता येत असलं तरी पायी चढण्यात खरी मजा आहे. मनोरा टेकडीवर का आहे हे चढल्याशिवाय कळत नाही.

गावातून चढण

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल४५ क्रमांकाचा नकाशा जवळ ठेवा. त्याचं प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. मोबाइलवर अवलंबून असाल तर नकाशा घरूनच उतरवून घ्या.

१. ब्रॉडवेच्या हाय स्ट्रीटनं पूर्वेकडे, म्हणजे चढाच्या बाजूनं चालत राहा. दुकानं संपून घरं विरळ होऊ लागली की उजवीकडे 'कॉट्सवोल्ड वे'चा लाकडी दिशादर्शक शोधा. हा चिपिंग कॅम्पडेन ते बाथ असा १०२ मैलांचा पायी मार्ग. ओकच्या फळाचं, एकॉर्नचं चित्र ही त्याची खूण. चित्र दिसत राहिलं तर वाट बरोबर आहे.

२. वाट कुरणांतून जाते आणि मध्ये फाटकं लागतात. त्यांतली काही 'किसिंग गेट' प्रकारची: अर्धगोल कुंपणात शिरायचं, झुलतं दार मागे लोटायचं, मग बाहेर पडायचं. मोठी सॅक पाठीवर असेल तर माणूस आत अडकतो. आधी ती उतरवा.

३. खालच्या कुरणात जमीन लाटांसारखी वरखाली दिसेल. हे मध्ययुगीन नांगरटीचे वाफे आहेत. त्या काळी बैलांच्या औतानं एकाच बाजूला माती लोटत गेल्यानं उंचवटे तयार झाले, आणि पुढे शेताचं कुरण झाल्यामुळे ते टिकून राहिले. तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या पडतात तेव्हा ते सर्वांत ठळक दिसतात.

४. वर जाताना चढ तीव्र होत जातो. थांबायचं तर मागे वळून थांबा. दृश्य उलगडत जाताना दिसतं आणि वर गेल्यावर काय कुठे आहे हे ओळखणं सोपं जातं.

अंतर सुमारे २ किलोमीटर, चढ सुमारे २०० मीटर. वेळेचा हिशेब डोंगरयात्री विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानं करता येतो: ताशी ५ किलोमीटर चाल, आणि प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. म्हणजे २४ आणि २० मिळून ४४ मिनिटं. लहान मुलं असतील किंवा चिखल असेल तर तास धरा.

चिखलाचं कारण जमिनीत आहे. टेकडीचा माथा चुनखडीच्या दगडाचा, पाणी लगेच मुरवणारा. पायथा मात्र चिकणमातीचा. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च वर कोरडं आणि खाली बुटाला किलोभर माती, असा प्रकार होतो. टाचेला खोल खाचा असलेले बूट घाला. पडण्याचा धोका चढताना नाही, ओल्या गवतावरून उतरताना आहे. ज्यांना त्याच उतारावरून परतायचं नसेल त्यांनी कॉनिग्री लेननं सेंट एडबर्गाच्या जुन्या चर्चपाशी उतरावं आणि स्नोजहिलच्या रस्त्यानं गावात यावं; पूर्ण फेरी साडेसहा किलोमीटरच्या आसपास भरते.

कुरणं खासगी असली तरी पायवाट सार्वजनिक हक्काची आहे, तिच्यावर चालायला कुणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. पिवळा बाण पादचाऱ्यांचा, निळा घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही चालणारा. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मेंढ्या असतील तिथे कुत्रा साखळीत. गाई वासरांसह वाटेवर उभ्या असतील तर त्यांच्यामधून न जाता लांबून वळसा घ्या.

तिकीट काढायचं की नाही

हे कुणी सांगत नाही, म्हणून आकडेमोड करून दाखवतो. मोकळ्या क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायला डोळ्याच्या उंचीचं (मीटरमधलं) वर्गमूळ घेऊन ३.८६ नं गुणायचं. प्रकाश हवेत किंचित वाकतो तेही यात धरलंय. गवतावर उभं राहिलात तर उंची ३१४ मीटर, क्षितिज ६८ किलोमीटर. वीस मीटरचा मनोरा चढून गेलात तर ७० किलोमीटर. म्हणजे एवढ्या बांधकामानं दृश्यात भर पडली दोन किलोमीटरची.

मग इथून १०० किलोमीटर, म्हणजे ६२ मैल दिसतात असं सांगतात, तो दावा खोटा का? नाही. दूरचे डोंगर स्वतःच उंच असल्यानं क्षितिजाच्या पलीकडून डोकं वर काढतात. पण ते गवतावरूनही दिसतात. वायव्येचं दृश्य हवं असेल तर मनोऱ्याबाहेरचं कुरण पुरेसं आहे. गच्चीचा खरा फायदा पूर्वेला आणि दक्षिणेला आहे, कारण तिकडे पठार आणि झाडी असल्यानं जमिनीवरून नजर अडते. त्याशिवाय आतली दालनं आहेत. दिवस 'मॉडरेट'चा असेल आणि इतिहासात रस नसेल, तर बाहेरून पाहून परत फिरलात तरी फारसं बिघडत नाही. दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, त्या निघण्यापूर्वी पाहा. जोराच्या वाऱ्यात गच्ची बंद असू शकते.

आधी बाहेरून फेरी

आत शिरण्याआधी मनोऱ्याभोवती एक सावकाश चक्कर मारा. मधला गाभा षटकोनी आहे आणि एकाआड एक कोपऱ्यांवर तीन गोल बुरूज. प्रत्येक कोपऱ्यागणिक ६० अंश वळताना गंमत दिसते: एकदा एक बुरूज पुढे आणि दोन बाजूंना, पुढच्या वळणावर दोन पुढे आणि एक मागे. त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी मनोरा आहे त्याहून जाड आणि दांडगा भासतो. दुरून उठून दिसायला हवा होता, तर ही युक्ती फारच हुशारीची.

खरा किल्ला नाही याच्या खुणाही तिथेच आहेत. नॉर्मन काळातल्या खऱ्या बुरुजांचं दार बहुधा पहिल्या मजल्यावर असे, म्हणजे शिडी ओढून घेतली की शत्रू खाली. इथे दार खाली आहे. खऱ्या बुरुजाला खालच्या अंगाला अरुंद फटी असत, इथे ऐसपैस खिडक्या. गोल कमानी आणि गच्चीखालची राक्षसमुखं जुन्या काळाचा भास करून देतात, बस्स.

आराखडा वास्तुरचनाकार जेम्स वायट यांचा, १७९४ मधला. बांधकाम त्या दशकाच्या अखेरीला पुरं झालं. या जागेची कल्पना उद्यानरचनाकार 'केपेबिलिटी' ब्राउन यांची मानतात. ते १७८३ मध्येच वारले, त्यामुळे वास्तूचं श्रेय त्यांच्या नावावर चढवू नका. पैसा कॉव्हेंट्री घराण्याचा. लेडी कॉव्हेंट्रींना या टेकडीवर पेटवलेला जाळ वूस्टरजवळच्या आपल्या घरातून दिसेल का हे पाहायचं होतं, जाळ दिसला, आणि म्हणून मनोरा बांधला, अशी हकिकत सांगतात.

आत चढताना

लिफ्ट नाही. जिना अरुंद आणि गोल. गोल जिन्याच्या पायऱ्या मध्यखांबाकडे निमुळत्या होतात, म्हणून चढताना-उतरताना बाहेरच्या भिंतीकडून पाय टाका. सॅक पोटावर घ्या, नाहीतर मागच्याच्या तोंडाला लागते. वरून कुणी येत असेल तर जिन्यात अडून न राहता दालनाच्या तोंडाशी थांबून वाट द्या.

दालनांत दोन माणसांची माहिती वाचण्याजोगी आहे. सर थॉमस फिलिप्स जवळच्याच मिडल हिल या घरात राहत. जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्याकडे असावी असा त्यांचा ध्यास, आणि संग्रह इतका वाढला की हस्तलिखितंच ६०,००० च्या घरात गेली. त्यांनी १८२२ पासून या मनोऱ्यात छापखाना चालवला. पुढे कॉर्मेल प्राइस यांनी तो भाड्यानं घेतला आणि त्यांचे मित्र, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, हे सुट्टीला येऊ लागले. मॉरिस १८७६ मध्ये इथे मुक्कामाला होते आणि १८७७ मध्ये त्यांनी जुन्या वास्तू वाचवणारी 'सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज' ही संस्था स्थापन केली. खोट्या जुन्या बुरुजात राहून खऱ्या जुन्या इमारतींची काळजी वाहणं यात एक मिश्कील योग आहे.

गच्चीवर डोंगर ओळखणं

जवळ ठेवायच्या वस्तू तीन: साधं होकायंत्र, ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण, आणि नकाशा. इंग्लंडमध्ये सध्या होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे, तो सोडून द्या. मात्र लोखंडी कठड्यावर किंवा मोबाइलशेजारी होकायंत्र ठेवलंत तर सुई भलतीकडे ओढली जाते. चुकीच्या डोंगराला चुकीचं नाव पडतं ते बहुधा यामुळेच. कोन मोजायला हात लांब करा: मूठ म्हणजे सुमारे १० अंश, बोट म्हणजे २. दुर्बीण वाऱ्यात हलते, तेव्हा दोन्ही कोपरं दगडी कठड्यावर रोवा.

सुरुवात २८५ अंशांपासून करा, म्हणजे पश्चिमेच्या थोडं उत्तरेला. उपड्या परातीसारखा एकटा डोंगर दिसतो तो ब्रेडन हिल, उंची २९९ मीटर. त्याच्या माथ्यावरचा टिपका म्हणजे पार्सन्स फॉली. डोंगर हजार फुटांना थोडक्यात कमी पडतो म्हणून मनोरा बांधून ती कसर भरून काढली होती. एका फॉलीवरून दुसरी फॉली पाहण्याचा योग इथे मिळतो.

याच रेषेत, ब्रेडनच्या पाठीमागून डोकावते ती माल्व्हर्नची रांग. तिचं सर्वांत उंच शिखर वूस्टरशर बीकन, ४२५ मीटर. नवखा माणूस ब्रेडनलाच माल्व्हर्न समजतो. फरक लक्षात ठेवायला सोपा: ब्रेडन एकच फुगवटा, माल्व्हर्न म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी उत्तर-दक्षिण रांग, आडवी धरलेल्या दोन मुठींएवढी लांब. दाते मोजता आले तर हवा खरोखरच चांगली आहे.

तिथून नजर डावीकडे, नेमक्या पश्चिमेला २७० अंशांवर न्या. क्षितिजावर सपाट माथ्याची फिकट निळी पट्टी दिसली तर ते ब्लॅक माउंटन्स. ढग आणि डोंगर यांत घोळ होत असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. हलला तो ढग.

आता उजवीकडे. वायव्येला साडेदहा किलोमीटरवर ईव्हशम गाव आणि त्याच्या भोवती फळबागांचं, भाजीपाल्याचं खोरं. त्याच दिशेला खूप लांब, ७० किलोमीटरवर क्ली हिल्स. सुमारे ३२५ अंशांवर एकटी कुबडासारखी टेकडी दिसली तर ती श्रॉपशरमधली रेकिन, ४०७ मीटर, ८७ किलोमीटर दूर. एवढी ओळखलीत तर दिवस सार्थकी लागला.

सोळा काउंट्या, म्हणजे तिकडचे जिल्हे, दिसतात असं सांगतात. ते मोजत बसू नका. काउंट्यांच्या सीमा जमिनीवर आखलेल्या नसतात आणि १९७४ मध्ये त्या मोठ्या प्रमाणात बदलल्याही. डोंगर मोजा, ते जागचे हलत नाहीत.

फोटोत डोंगर मुंगीएवढे का येतात? मोबाइलची नेहमीची भिंग रुंद दृश्य टिपते, म्हणून. झूमचं भिंग असेल तर तेच वापरा आणि एका वेळी एकच डोंगर टिपा.

तळघर

मनोऱ्याजवळच जमिनीखाली शीतयुद्धाच्या काळातली एक चौकी आहे. अणुबॉम्ब पडलाच तर स्फोटाची दिशा, दाब आणि किरणोत्सर्ग मोजून कळवायला रॉयल ऑब्झर्व्हर कोअर या ब्रिटनच्या निरीक्षक दलानं देशभर अशा १,५६३ चौक्या खणल्या होत्या. उरलेल्या १९९१ मध्ये बंद झाल्या. आत तीन माणसांपुरती खोली. उतरायला सुमारे १५ फुटांची उभी लोखंडी शिडी आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांनी नाद सोडावा. भेट ठरावीक दिवशीच असते, आधी चौकशी करा.

दुसऱ्या टोकाहून

वेळ असेल तर वूस्टरकडचं क्रूम कोर्ट, म्हणजे कॉव्हेंट्रींचं घर, त्याच सहलीत जोडा. जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडची ही बाग मनोऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटरवर आहे. तिथल्या उंच, मोकळ्या भागातून ११० अंशांवर पाहा. ब्रेडन उजव्या हाताला राहील आणि त्याच्या डाव्या उतारापलीकडे कॉट्सवोल्ड्सची कड. त्या अंतरावरून वीस मीटरचा मनोरा, हात लांब केल्यावर अर्ध्या मिलिमीटरएवढा भरतो. नुसत्या डोळ्यांना कडेवरचा एखादा दात वाटेल, ८ पटीच्या दुर्बिणीतून पौर्णिमेच्या चंद्राहून थोडा लहान. सकाळी ऊन त्याच्या पाठीमागून येतं आणि तो कडेत मिसळून जातो. नाही सापडला तर दुपारी तीननंतर पुन्हा पाहा, तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट दगडावर पडलेलं असतं.